हांकेला ओ देणारी पेटी

हातांस कणीक लागलेली असतांना गजर लावावयाचा असतो, किंवा डोळ्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या आजोबांना बातम्या ऐकावयाच्या असतात. अशा वेळीं पूर्वीं घरांतील कोणास तरी हांक मारावी लागे. आतां ती हांक पुष्कळ घरांत एका लहानशा पेटीला मारली जाते व ती लगेच ओ देते. अ‍ॅमेझॉन कंपनीनें 'अ‍ॅलेक्सा' नांवास ओ देणारी अशी पेटी अमेरिकेंत २०१४ सालीं विक्रीस काढली. ती आपल्याकडे २०१७ सालीं आली आणि २०१९ पासून हिंदी बोलूं लागली. फोनमधील गुगलच्या साहाय्यकास तर २०१८ पासून मराठीही कळतें.

हें नुसतें श्रीमंतांचें खेळणें आहे, असें म्हणून नाक मुरडण्याचें कारण नाहीं. ज्यांची दृष्टि अधू झाली आहे, ज्यांच्या बोटांना संधिवातामुळें फोनवरील बारीक अक्षरें दाबतां येत नाहींत, त्यांस परगांवच्या मुलाशीं बोलण्यासाठीं आतां नातवंडाची मनधरणी करावी लागत नाहीं, हा लाभ लहान नव्हे. मात्र पेटी गोळीची आठवण देते. गोळी पोटांत गेली कीं नाहीं, हें तिला दिसत नाहीं. तेवढें पाहण्यास माणूसच हवें.

आतां दुसरी बाजू. आपलें नांव केव्हां उच्चारलें जातें याची वाट पाहत ही पेटी अहोरात्र कान टवकारून असते. नांव ऐकलें, किंवा ऐकल्याचा भास झाला, कीं त्यापुढील शब्द कंपनीच्या दूरच्या यंत्रांकडे जातात व तेथें त्यांचा अर्थ लावला जातो. मुलांच्या आवाजाचीं मुद्रणें कंपनी बेमुदत ठेवते व आईबापांनीं तीं पुसून टाकण्यास सांगितलें तरी तें नीट पाळीत नाहीं, असा आरोप अमेरिकन सरकारनें २०२३ सालीं केला. कंपनीनें तो नाकारला, पण अडीच कोटि डॉलर भरण्याचें मान्य करून प्रकरण मिटविलें.

आम्हांस याहून अधिक काळजी वाटते ती मुलांच्या जिभेची. मराठींत आदर क्रियापदाच्या शेवटीं असतो: 'लाव', 'लावा', 'लावतां का'. कोणाशीं कोणतें रूप योजावें, हें मूल घरांतच ऐकून शिकतें. पेटीला यांतील भेद नाहीं. 'गप्प बस' म्हटलें तरी ती रुसत नाहीं. विनंतीचा शब्द वापरणाऱ्या मुलांची वाहवा करण्याची सोय कंपनीनें २०१८ सालीं काढली खरी, पण पेटीच्या शाबासकीसाठीं उच्चारलेली विनंती आजीशीं बोलतांना आठवेलच असें नाहीं. शिवाय या पेटींतून बहुधा स्त्रीचाच आवाज येतो. हुकूम झेलणारा आवाज बाईचा असावयाचा, ही समजूत अशा यंत्रांमुळें दृढ होते, असा इशारा युनेस्कोनें २०१९ सालच्या अहवालांत दिला होता. ज्या घरांत 'अगं, पाणी आण' ही आज्ञा पुरुषमंडळींच्या तोंडीं आधींच बसलेली आहे, तेथें मुलगा हा धडा पेटीपाशीं प्रथम शिकतो असें नव्हे. तो तेथें त्याची उजळणी करतो, एवढेंच. (पेटीला स्वतःला 'अगं' म्हणावें कीं 'अहो', याचा निर्णय मात्र अद्याप कोणीं दिलेला आमच्या पाहण्यांत नाहीं!)

म्हणून पेटी घरांत आलीच असेल, तर ती मुलांच्या अभ्यासाच्या खोलींत न ठेवतां आजी-आजोबांच्या उशाशीं ठेवावी. अ‍ॅलेक्साच्या पेटीवर ध्वनिग्राहक बंद करण्याची कळ असते. ती दाबली म्हणजे तांबडा दिवा लागतो. घरांत देण्याघेण्याच्या किंवा लग्नाच्या गोष्टी निघाल्या, कीं आधीं तो दिवा लागला आहे ना, हें पाहून घ्यावें.