धडधडीला साक्षीदार हवा

खेळता खेळता मुलगी एकाएकी थांबते, छातीवर हात ठेवते आणि ‘आई, धडधडतंय’ म्हणते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सारे शांत झालेले असते. ईसीजी निर्दोष येतो. मग ‘परीक्षेची भीती’, ‘अभ्यास टाळण्याचे निमित्त’ असे शिक्के बसू लागतात. आपण खोटे ठरलो, एवढेच त्या लेकराला कळते.

वस्तुतः ही मर्यादा तपासणीची आहे. नेहमीचा ईसीजी साधारणतः दहा सेकंदांची नोंद घेतो. महिन्यातून एकदा येणारी धडधड त्यात सापडणार कशी? अमेरिकेतील मोंटानाचे संशोधक नॉर्मन होल्टर यांनी ही अडचण ओळखली. पाठीवर वाहावे लागणारे त्यांचे आरंभीचे यंत्र सुमारे ३८ किलोंचे होते. १९६१ साली त्यांनी आपली पद्धत ‘सायन्स’ नियतकालिकात मांडली. आज खिशात मावणारा होल्टर २४ ते ४८ तासांची, तर छातीवर चिकटवायची पट्टी दोन आठवड्यांपर्यंतची नोंद ठेवते. धडधड रोज होत असेल तर होल्टर पुरतो. क्वचित होत असेल तर अधिक दिवसांची नोंदच उपयोगी. उपकरणाची निवड डॉक्टरांनी करावी, ती यासाठी.

बहुतेक मुलांच्या धडधडीमागे गंभीर कारण नसते. काहींमध्ये मात्र ‘एसव्हीटी’ हा विकार असतो. त्यात ठोके अचानक मिनिटाला दोनशेच्याही पुढे जातात आणि तितक्याच अचानक पूर्ववत होतात. नेमकी नोंद हाती आली, की निदान व उपचारांचा मार्ग मोकळा होतो.

याचा अर्थ बाजारातील घड्याळ मुलाच्या मनगटावर बांधून निश्चिंत व्हावे, असा नव्हे. पट्टा सैल असला वा हात हलला तरी त्यातील आकडा चुकू शकतो. ॲपलच्या घड्याळातील ईसीजीची सोय २२ वर्षांखालील व्यक्तींसाठी नाही, असे ती कंपनीच सांगते. शिवाय धावताना ठोके वाढणे हा बाल्याचा स्वाभाविक धर्म आहे. प्रत्येक आकड्याने दचकणारे घर निरोगी मुलालाही रुग्ण करून सोडते.

मात्र ऐन श्रमात धडधड होणे, शुद्ध हरपणे, कुटुंबात कोणाचा तरुणपणी अकस्मात मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही आढळल्यास बालहृदयरोगतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब नको. एरवी पालकांनी एक साधी वही ठेवावी. धडधड केव्हा सुरू झाली, किती मिनिटे टिकली, कशी थांबली, नाडीचे ठोके किती होते, हे तीत लिहावे. यंत्राची पाळी त्यानंतर येते. त्याआधी मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवणारे घर हवे.