नंबरचा गॉगल आरशात बघून निवडू नका

सोलापुरात ज्याच्या डोळ्यांना नंबर आहे आणि ज्याला भर दुपारी बाहेर पडावंच लागतं, त्याच्याकडे नंबरचा गॉगल असायलाच हवा. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते आणि काचा बसवून देते. गॉगल विकला गेला तर माझा फायदा आहे, हे लक्षात ठेवूनच वाचकांनी पुढचं वाचावं. पण काउंटरच्या या बाजूला बसून वर्षानुवर्षं जे बघते, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

उन्हाळा लागला की नवी पेठेत रस्त्याच्या कडेला गॉगल मांडलेले दिसतात. नंबरवाला तरुण तिथून एक घेतो, चष्मा काढून खिशात ठेवतो, गॉगल चढवतो आणि गाडी सुरू करतो. घरच्यांना बरं वाटतं, पोरगं डोळ्यांची काळजी घेतंय. पण मायनस दोन नंबरच्या माणसाला चष्म्याशिवाय अर्ध्या मीटरच्या पलीकडचं काहीच स्पष्ट दिसत नाही. मायनस तीन असेल तर ही हद्द जेमतेम फुटभरावर येते. असा माणूस सात रस्त्यावरून विजापूर रोडला निघतो. समोर रिक्षा, सिटी बस, मधेच आडवं येणारं जनावर, आणि त्याच्या डोळ्यांपुढे सगळं धूसर, त्यावर आणखी काळी काच. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, “गाडीपुरतं दिसतंय की ओ मॅडम.” नाही दिसत. आकार ओळखू येतात, पण खड्डा अगदी चाकापाशी आल्यावर कळतो.

रस्त्यावरचा प्रत्येक गॉगल वाईट असतो, असं मी म्हणणार नाही. त्यातल्या कित्येकांच्या काचा पॉलिकार्बोनेटच्या असतात आणि पॉलिकार्बोनेट अतिनील किरण मुळातच शोषून घेतं. माझा राग आहे तो नंबर खिशात ठेवून गाडी चालवण्यावर.

आपण ऊन आणि उष्णता एकच धरतो. पारा बेचाळीसच्या वर गेला की धास्तावतो, पण डोळ्यांना अपाय करणारे अतिनील किरण अंगाला गरम लागत नाहीत. सोलापूर साडेसतरा अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी सावली पायाखाली जाते. ऑगस्ट लागता लागता पुन्हा तसंच होतं. पावसाळ्यात हवा गार असली तरी ढग फाटले की किरण मेइतकेच सरळ खाली येतात. म्हणून पहिल्या सरीबरोबर गॉगल कपाटात टाकणं चूक आहे. ऊन, वारा आणि धूळ यांचा मारा वर्षानुवर्षं झाला की डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे मांसाचा पातळ पडदा सरकू लागतो. त्याला टेरिजियम म्हणतात. शेतात आणि बांधकामावर राबलेल्या माणसांच्या डोळ्यांत मला तो नेहमी दिसतो. मोतीबिंदूशीही या किरणांचा संबंध आहे.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या हातात आधी आरसा दिला जातो. माझ्या मते आधी विचारायला हवं, दुपारी तुम्ही असता कुठे आणि करता काय?

काच किती काळी आहे आणि ती अतिनील किरण किती अडवते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिनरंगाची काचही हे किरण पूर्ण अडवू शकते आणि गडद काच ते आत सोडू शकते. अशी गडद काच जास्त घातक, कारण तिच्यामागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किरणांना वाट मोकळी मिळते. तेव्हा ४०० नॅनोमीटरपर्यंतचं संरक्षण आहे का, हे आधी विचारा. ते तपासायचं छोटं यंत्र अनेक दुकानांत असतं. त्यावर तुमच्यासमोर काच ठेवून दाखवायला सांगा. मग काळेपणाची श्रेणी बघा. श्रेणी ३ ची काच ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते आणि आपल्या उन्हाला ती पुरते. श्रेणी ४ त्याहून गडद असते आणि ती घालून गाडी चालवायची नसते. राखाडी काचेतून रंग जसेच्या तसे दिसतात, तपकिरी काचेतून उठाव जास्त मिळतो. निळ्या, गुलाबी काचा मी गाडीवाल्याला देत नाही.

सगळ्यात जास्त मागणी असते डे-नाईट काचेची, म्हणजे उन्हात काळी आणि घरात पांढरी होणाऱ्या काचेची. जुनी माणसं तिला अजून फोटोसन म्हणतात. एकाच चष्म्यात दोन्ही कामं होतील, दोनदा खर्च कशाला, हा हिशेब मला समजतो. पण ही काच काळी होते ती अतिनील किरणांमुळे, आणि हवा जितकी तापलेली तितकी ती कमी काळी होते. जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत, सकाळच्या गारव्यात जी काच छान गडद होते, तीच मे महिन्यात दुपारी दोन वाजता फिकी पडते. जिथे गरज सगळ्यात जास्त, तिथेच ती कमी पडते. मोटारीत तर समोरची काच हे किरण आधीच अडवते, त्यामुळे डे-नाईट काच जवळजवळ पांढरीच राहते. ऑफिसमध्ये बसून दिवसातून दोन-चार वेळा बाहेर डोकावणाऱ्याला ती सोयीची आहे. पंढरपूर रस्त्याने रोज मोटार हाकणाऱ्याने तिच्यावर पैसे घालू नयेत.

त्याच्यासाठी पोलराइज्ड काच खरी. डांबरावरून, पुढच्या गाडीच्या टपावरून जी आडवी चकाकी डोळ्यांत घुसते, ती ही काच कापते. हिच्यातून काही कोनांतून मोबाइलचा पडदा काळा दिसतो, तेवढं आधी माहीत असावं. ज्याचं काम मोबाइलवर पत्ते बघत घरोघरी सामान पोचवण्याचं आहे, त्याला मी साधी टिंटेड काचच सुचवते.

फ्रेमबद्दल तरुण मुलांशी माझी रोज हुज्जत होते. त्यांना कानापर्यंत वळलेली स्पोर्ट्स फ्रेम हवी असते आणि नंबर असतो मायनस पाच. इतक्या वळणावर असा नंबर बसवला की कडा जाड होतात आणि बाजूचं जग वाकडं दिसतं. जिना उतरताना पाय चुकतो. मोठ्या नंबराला बेताच्या आकाराची, पूर्ण कडांची, चेहऱ्याला जवळ बसणारी फ्रेम घ्यावी. कडेने आणि वरून ऊन आत येत नाही ना, हे दुकानाबाहेर उन्हात उभं राहून बघावं. ट्यूबलाइटखाली ते कळत नाही. आणि एक, गॉगल गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. सोलापूरच्या उन्हात बंद गाडी तापते तेव्हा काचेवरच्या कोटिंगला बारीक तडे जातात, आणि ते परत जुळत नाहीत.

चाळिशीनंतर आणखी एक अडचण येते. दूरचं बघायला एक नंबर, जवळचं बघायला दुसरा. लक्ष्मी मंडईत उन्हात उभं राहून सुट्टे पैसे मोजायचे, मोबाइलवर पैसे पाठवायचे, तर गॉगललाही बायफोकल काच लागते. मागे एक विडी कामगार बाई आल्या होत्या. वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला भर उन्हात चालत जायच्या. डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा, ऑपरेशन होऊन कितीतरी महिने झालेले. त्याच्यात नंबर नव्हता आणि त्या चाचपडत होत्या. नंबरचा गॉगल सुचवला तर म्हणाल्या, “आम्हा बायकांना शोभतंय का ते?” बायकांनी तोंडाला स्कार्फ बांधला तर कोणी काही बोलत नाही. गॉगल घातला की मिरवते म्हणतात. ही गोष्ट मला मनापासून खटकते, कारण ऊन बाई-पुरुष बघत नाही.

सरकारी करतक्ता तरी नंबरच्या गॉगलला मिरवण्याची वस्तू मानत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून नजर दुरुस्त करणाऱ्या चष्म्यावर ५ टक्के जीएसटी लागतो आणि नंबरचा गॉगलही त्याच ओळीत बसतो. आता चौकात उभे राहणारे वाहतूक पोलीस, खांबावर चढणारे वायरमन, पोस्टमन यांची दरवर्षी नजर तपासून, ज्यांना नंबर आहे त्यांना गॉगल गणवेशाबरोबर द्यावा, अशी माझी मागणी आहे. बिननंबरचा गॉगल वाटून हे काम होत नाही.

घरच्या खर्चाचं म्हणाल तर नवी फ्रेम घ्यायची गरजच नाही. बहुतेक घरांत ड्रॉवरमध्ये एखादी जुनी धड फ्रेम पडलेली असते. ती घेऊन दुकानात जा, आजचा नंबर तपासून घ्या आणि तिच्यात यूव्ही संरक्षण असलेली साधी टिंटेड काच बसवायला सांगा. मात्र जुनी चिठ्ठी दाखवू नका, नंबर नव्याने काढायला लावा.