एलूल महिना आणि आपला हिशेब

यहुदी पंचांगांत एलूल नांवाचा महिना आहे. तो बहुधा आपल्या भाद्रपदाच्या सुमारास येतो. त्या पंचांगांतील महिनेहि चंद्रावर चालतात, आणि ऋतूंशीं मेळ राहावा म्हणून 19 वर्षांत 7 अधिक महिने धरितात. एलूल सरला कीं तिश्री लागतो. त्याच्या पहिल्या दिवशीं नवें वर्ष व दहाव्या दिवशीं प्रायश्चित्ताचा उपवास. एलूल हा त्याच्या तयारीचा काळ होय. पुष्कळ ठिकाणीं या महिन्यांत सकाळच्या प्रार्थनेस मेंढ्याचें शिंग फुंकून निजलेल्या मनास जागें करितात.

कोंकणांतील बेने इस्राएल लोकांची बोली मराठी. तेलाच्या धंद्यामुळें व शनिवारच्या विश्रांतीमुळें त्यांस 'शनवार तेली' म्हणत. एलूलच्या उपवासांस ते पूर्वीं मुसलमान शेजाऱ्यांचा शब्द घेऊन 'रमजान' म्हणत, आणि प्रायश्चित्ताचा दिवस दारें लावून उपवासांत घालवीत. 1948 नंतर त्यांपैकीं बहुतेक इस्राएल देशास गेले. थोडीं घराणीं मुंबई, ठाणें व रायगडाकडे अद्याप आहेत.

परंतु दार लावण्यापूर्वीं एक काम उरकावें लागतें. मिश्ना ग्रंथाचा दंडक असा कीं, देवाच्या अपराधांची क्षमा त्या दिवशीं होते. शेजाऱ्याच्या अपराधाची मात्र, त्याची समजूत काढल्यावांचून होत नाहीं. प्रभु येशूनेंहि डोंगरावरील प्रवचनांत, अर्पण वेदीपाशीं ठेवून आधीं भावाशीं समेट करावा, असेंच शिकविलें.

आपण नेमके येथेंच चुकतों. बांधावरून अबोला धरलेले भाऊ, कोणी नवरात्रांत सप्तशृंग गड चढतो, कोणी उपासनेस जातो; परंतु भावाचा उंबरा चढत नाहीं.

वडील माणसांचें तर विचारूंच नये. एकदां मीं एका मुलास वर्गादेखत खोटा ठरविलें. दुसऱ्या दिवशीं त्याचेंच म्हणणें खरें निघालें. त्यास एकट्यास बोलावून, "झालें गेलें विसर," असें मी म्हणालों. वर्गापुढें चूक कबूल करावयास मला आठ दिवस लागले. तेवढ्या दिवसांत त्यानें एकदांहि हात वर केला नाहीं. माझी कबुली ऐकून तो कांहीं बोलला नाहीं; मात्र दुसऱ्या दिवशीं उत्तर द्यावयास उठला.

मुलांची क्षमा मागितल्यास दरारा राहणार नाहीं, असें कोणी म्हणतील. दरारा थोडा घटेलहि. परंतु शिक्षण विश्वासावर चालतें, आणि तो वाढतो.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो व पालकहो, सण कोणताहि असो, त्यापूर्वीं ज्याचें आपण देणें लागतों असें एक माणूस आठवावें व त्याच्या दारीं जावें. परमेश्वर आपणां सर्वांस तशी बुद्धि देवो.