सोबत बघू की अभ्यासक्रम?

आमच्या तोंडवलीत भाचीला संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी दोन देशांतून प्रवेश मिळालाय, जर्मनी आणि अमेरिका. घरचे म्हणतात, "अमेरिकेक धाड, थंय आपलो माणूस आसा." पण मैत्रिणींनो, नातेवाईक म्हणजे अभ्यासक्रम नव्हे!

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. मात्र व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो (२०२५चा नियम) खात्यात दाखवावे लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने तर २०२४पासून युरोपबाहेरच्यांना फीसुद्धा लावली. अमेरिकेत फी भरमसाट; शिवाय २०२५मध्ये नव्या एच-वन-बी व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्क जाहीर झालं. मग तिथल्या नोकरीच्या भरवशावर माडांची बाग गहाण टाकायची?

मुलगा निघाला की आपण कर्जाचा हिशेब करतो, मुलगी निघाली की सोबतीचा. तिच्यासाठीही हिशेब मांडा. आणि त्याआधी तिला विचारा, "बाय, तुला शिकायचंय काय?"