यमक आणि अर्थ

इंग्रजीच्या तासाला अनेक वर्गांत एक प्रसंग हटकून घडतो. एखादा विद्यार्थी ‘फूड’ म्हणजे अन्न हा शब्द बरोबर वाचतो. पुढे त्याच वळणाने लिहिलेला, रक्त या अर्थाचा शब्द येतो आणि तो मोठ्या विश्वासाने ‘ब्लूड’ असे वाचतो. वर्गात हशा पिकतो. खरा उच्चार ‘ब्लड’ आहे हे कोणीतरी त्याला सांगते. परंतु तोवर त्याने मान खाली घातलेली असते, आणि पुढे कित्येक दिवस मोठ्याने वाचण्याचे धैर्य त्याला होत नाही. या हशात न्याय किती आणि अज्ञान किती, याचा विचार व्हावयास हवा.

मराठी मुलाची दृष्टी देवनागरी लिपीवर घडलेली असते. थोडे अपवाद सोडले, तर मराठीत जसे लिहावे तसेच वाचावे असा नियम आहे. म्हणून ‘माळ’ आणि ‘टाळ’ हे शब्द डोळ्यांना जुळलेले दिसतात व कानांनाही जुळलेले ऐकू येतात. इंग्रजीत मात्र डोळ्यांचे यमक एक आणि कानाचे यमक दुसरे. ओ, यू, जी, एच या चार अक्षरांनी संपणारे शब्द पाहावेत. फांदी या अर्थाचा शब्द ‘बाउ’, खोकल्याचा ‘कॉफ’, खडबडीत या अर्थाचा ‘रफ’, जरी या अर्थाचा ‘दो’ आणि मधून या अर्थाचा ‘थ्रू’. अक्षरे तीच, ध्वनी मात्र पाच. उलट ‘ब्लू’ म्हणजे निळा, ‘शू’ म्हणजे जोडा, ‘टू’ म्हणजे दोन आणि ‘थ्रू’ या चौघांची शेवटची अक्षरे एकमेकांशी जुळत नाहीत, तरीही कानाला ते उत्तम यमक होय.

असे का झाले? इंग्रज लोक लहरी होते म्हणून नव्हे. 1400 साली निधन पावलेला थोर कवी चॉसर याच्या काळी अन्न, रक्त आणि चांगला या अर्थांचे तिन्ही शब्द दीर्घ ‘ओ’ या स्वराने उच्चारले जात. तेव्हा ते खरोखरच एका घरातील भावंडे होते. पुढे बोलण्यात हा ‘ओ’ बदलून ‘ऊ’ झाला. त्यानंतर रक्तवाचक शब्दाचा स्वर लवकर आखूड झाला आणि अखेर ‘ब्लड’ असा उच्चार रूढ झाला. दुसऱ्याचा स्वर उशिरा आखूड होऊन ‘गुड’ झाला. तिसरा ‘फूड’ मात्र दीर्घच राहिला. भावंडे तीन दिशांना पांगली. परंतु दरम्यान 1476 साली विल्यम कॅक्स्टन याने वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधील पहिला छापखाना काढला होता. छपाईमुळे शब्दांची लिखित रूपे हळूहळू स्थिर होत गेली आणि जिभेवरचे उच्चार पुढे वाहत राहिले. म्हणून इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग हे पुष्कळदा त्याच्या आजच्या उच्चाराचे चित्र नसून त्याच्या पूर्वजाचे चित्र असते.

हे ध्यानी घेतले, म्हणजे शब्दांचे यमक कानाने शिकले पाहिजे, हे उघड होते. परंतु तेवढ्याने काम भागत नाही. पुष्कळ विद्यार्थी ‘कॅट, रॅट, हॅट, मॅट’ अशी लांबलचक माळ घोकतात आणि विचारले असता एकाही शब्दाचा वाक्यात उपयोग करू शकत नाहीत. हे पाठांतर म्हणजे किल्ल्यांचा जुडगा जवळ असून एकही कुलूप ठाऊक नसण्यासारखे आहे.

आपल्या साहित्यशास्त्राने या बाबतीत मोठा मार्मिक विचार केलेला आहे. ‘यम’ या शब्दाचा एक अर्थ जुळे असा आहे. त्यावरून ‘यमक’ हा शब्द आला. तीच अक्षरे पुन्हा आली पाहिजेत, मात्र अर्थ निराळा असला पाहिजे, अशी यमकाची अट आहे. जुळी भावंडे चेहऱ्याने सारखी, परंतु स्वभावाने वेगळी, तसेच हे. इंग्रजी कवींचा संकेत थोडा भिन्न आहे. ‘राइट’ म्हणजे बरोबर आणि ‘राइट’ म्हणजे लिहिणे, अशी संपूर्ण सारख्या उच्चारांची जोडी ते सहसा चांगले यमक मानीत नाहीत. ‘लाइट’ म्हणजे प्रकाश आणि ‘नाइट’ म्हणजे रात्र, अशी आरंभी वेगळी व शेवटी सारखी जोडी त्यांना प्रिय असते. परंतु प्रकाश आणि रात्र एकत्र आल्याने जो आनंद होतो, तो नुसत्या ध्वनीचा नव्हे. परस्परविरोधी अर्थ एका नादात बांधले गेले, याचा तो आनंद आहे. अर्थ वगळला तर उरतो केवळ खुळखुळा.

लंडनच्या पूर्व भागातील कष्टकरी लोकांनी एकोणिसाव्या शतकात यमकांची एक गंमतीदार बोली घडविली. त्या बोलीत जिन्याला, म्हणजे ‘स्टेअर्स’ला, ‘ॲपल्स अँड पेअर्स’ म्हणत. सफरचंदांचा आणि नासपतींचा जिन्याशी संबंध काय, तर केवळ यमकाचा! पुढे पुष्कळदा यमक जुळविणारा शब्दच गाळून टाकीत. डोक्याला, म्हणजे ‘हेड’ला, ‘लोफ ऑफ ब्रेड’ म्हणजे पावाचा लोफ म्हणत. त्यातून ‘ब्रेड’ गळाला व ‘लोफ’ तेवढा उरला. शब्दकोश पाहून पाव शोधणाऱ्यास तेथे डोके सापडणार नाही. शब्दाचा अर्थ तो वापरणाऱ्या माणसांपाशी राहतो, हेच यावरून दिसते.

कोणी म्हणेल, की यमकाचा एवढा विचार कशासाठी? मिल्टनने 1667 साली ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य यमकावाचून लिहिले, आणि आजही मुक्त कविता पुष्कळ लिहिली जाते. हे खरे आहे. परंतु यमक सोडण्याचा अधिकार ज्याला यमक साधते त्यालाच शोभतो. शिवाय परकी भाषा शिकणाऱ्याला यमक हा कानाचा शिक्षक आहे. जो विद्यार्थी रोज दोन जुळणारे शब्द ऐकतो, मोठ्याने म्हणतो, त्यांचे अर्थ समजून घेतो आणि दोन्ही शब्द एका वाक्यात गुंफतो, त्याची प्रगती शंभर शब्द घोकणाऱ्यापेक्षा निश्चित अधिक होते.

आता त्या मान खाली घातलेल्या विद्यार्थ्याकडे वळावे. त्याने ‘फूड’वरून ‘ब्लूड’ असा तर्क केला. तो तर्क आळशाचा नव्हता, विचार करणाऱ्याचा होता. इतकेच नव्हे, तर सोळाव्या शतकाच्या सुमारास इंग्लंडमधील माणसे स्वतःच या शब्दाचा उच्चार ‘ब्लूड’ असाच काहीसा करीत असत. म्हणजे मुलगा चुकला तो केवळ काही शतकांनी! त्याची चूक दुरुस्त केलीच पाहिजे, कारण भाषा आज जशी बोलली जाते तशीच ती शिकावी लागते. परंतु दुरुस्ती आणि उपहास यांत अंतर आहे. दुरुस्तीने एक शब्द मिळतो. उपहासाने पुढचे शंभर शब्द ओठांतच अडून राहतात. ज्या वर्गात चुकीवर हशा पिकत नाही आणि तिचे कारण शोधले जाते, त्याच वर्गात भाषा खऱ्या अर्थाने शिकली जाते.