"मला सवय आहे" म्हणणाऱ्या सगळ्यांना

मागचा आठवडा भाचीच्या लग्नाचा. दिवसा ओपीडी, रात्री लग्नाची बांधाबांध, त्यातच मुलाची परीक्षा. रोज जेमतेम पाच तास झोप. लग्नाच्या दिवशी पहाटे ५ला उठलेला मी, रात्री १०ला नाशिकहून पुण्याला निघालो. मेव्हणे "राहा" म्हणत होते. "मला सवय आहे," मी ऐटीत म्हणालो. नारायणगावजवळ बायको किंचाळली तेव्हा गाडी दुभाजकाला घासायच्या बेतात होती. मागे मुलगा झोपलेला.

तुम्हाला रोज झोपेवर लेक्चर देणारा डॉक्टर तो हाच!

सलग १७ तास जागं राहिलं की मेंदू मंदावतो. किती? साधारण १०० मिलि रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असावं इतका. आपल्या कायद्यात चालकाची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. पिऊन चालवणाऱ्याला आपण शिव्या घालतो आणि लग्न उरकून रातोरात गाडी हाकणाऱ्या काकांचं कौतुक करतो. हे कसलं कौतुक?

आणि सवय वगैरे काही होत नाही. झोप कमी पडतेय हे जाणवेनासं होतं, एवढंच. चुका वाढतच जातात. चहाने थोडा वेळ तरतरी येते, खिडकी उघडून नि गाणी लावून तर तेवढंही होत नाही. मागचे दोन किलोमीटर आठवत नसतील तर गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि वीस मिनिटं झोपा.

पुढच्या लग्नाला आम्ही मुक्कामी राहणार. सोमवारची ओपीडी दुपारी उघडेल, रागावलात तरी चालेल.