मुलाम्याखालचा धातु

आमच्या धाकट्या सूनबाईंच्या मनगटावर मुलाम्याच्या पाटल्यांखालीं पुरळ उठलें, तेव्हां आम्हीं उष्णतेस दोष दिला. तो आमचा भ्रम होता. पितळेवर थेट सोनें चढविल्यास तांब्याचे कण हळूहळू वर येऊन झळाळी मंदावते. म्हणून कारागीर मध्यें निकेलचा थर देतात. तो तांब्यास अडवितो खरा. परंतु वरील सोनें झिजलें, कीं घामाच्या योगें कित्येकांच्या त्वचेस बाधतो. याच कारणास्तव युरोपीय संघानें १९९४ सालीं दागिन्यांतील निकेलवर निर्बंध घातले. महाग असलें तरी पॅलेडियम, अथवा तांबें, कथील व जस्त यांचें पांढरें कांसें त्याऐवजीं वापरतां येतें. तेव्हां भगिनींनीं सोनारास ‘वर सोनें किती?’ एवढेंच न विचारतां ‘खालीं काय?’ हेंही अवश्य विचारावें. सूनबाई आतां तसें विचारतात.